शब्द बदलल्याने व्यवहार बदलतो का? घरभाड्याच्या भाषेविषयी काही विचार

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाज, रोजा किंवा हज यांविषयी नाही. उधारीचा व्यवहार कसा लिहून ठेवावा, याविषयी ती आहे. सूरह अल्-बकराच्या या 282व्या आयतीत लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे आदेश आले आहेत. त्याच ओघात एक सूचना आहे, जिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. मजकूर कोणी सांगावा? ज्याच्यावर देणे येणार आहे, त्याने. तो कमी समजेचा किंवा दुर्बल असेल, स्वतः सांगू शकत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा.

यामागचे शहाणपण उघड आहे. जो मजकूर सांगतो, त्याला तो समजलेला असतो. बांधला जाणारा माणूस कशाने बांधला जात आहे, हे त्याच्याच तोंडून वदवून घेण्याची ही रीत आहे. आता आपल्या घरभाड्याच्या व्यवहारांकडे पाहा. मजकूर एजंटकडे आधीच छापून तयार असतो. नाव, रक्कम आणि तारीख एवढ्याच जागा रिकाम्या. भाड्याने घर घेणारा बंधू सर्व पाने चाळतो आणि एकच प्रश्न विचारतो: “सही कुठे करू?”

सूरह अन्-निसाच्या 29व्या आयतीने परस्परांचे धन खाण्यास मनाई केली आहे आणि परस्पर संमतीने होणाऱ्या व्यापाराला तेवढी मोकळीक दिली आहे. मग जे समजलेच नाही, त्याला संमती दिली असे म्हणता येईल काय? आणि एखाद्या व्यवहाराला सोयीचे नाव दिले, तर अल्लाहजवळ त्याचा हुकूम बदलतो काय? या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने आपल्या नित्य वापरातील काही शब्द आपण तपासून पाहू या.

भाडेकरू की परवानाधारक?

आमचे कुर्डुवाडी हे गाव रुळांच्या कडेने वाढले. 1897 साली येथून बार्शीकडे बार्शी लाईट रेल्वेची अरुंद मापाची गाडी सुरू झाली, पुढे पंढरपूर आणि लातूरकडे फाटे गेले, रेल्वेचा कारखाना आला. त्यामुळे ‘क्वार्टर’ हा शब्द येथील मुलांना लहानपणीच कळतो. क्वार्टरमध्ये माणूस तीस वर्षे राहतो, दारात जास्वंद लावतो, मुलींची लग्ने करतो. तरी निवृत्तीनंतर चावी परत करावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. राहणे आणि हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हेच जेव्हा करारपत्राच्या भाषेत येते, तेव्हा आपण गोंधळतो.

कायद्याच्या दृष्टीने ‘भाडेपट्टा’ आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ हे दोन निराळे व्यवहार आहेत. भाडेपट्ट्याने घर वापरण्याचा हक्क काही काळासाठी भाडेकरूकडे येतो. लायसन्स म्हणजे केवळ परवानगी. घर मालकाच्या ताब्यातलेच मानले जाते आणि मुदत संपताच परवानगी संपते. ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999’च्या कलम 24नुसार मुदतीनंतरही परवानाधारक निघाला नाही, तर त्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. त्याच कायद्याच्या कलम 55नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज 1908च्या नोंदणी कायद्यातील एक वर्षाच्या मर्यादेवरून रूढ झाला. या कायद्यासमोर तो टिकत नाही.

येथे एक सुंदर साम्य दिसते. 1959 साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व मांडले की, कागदाला काय नाव दिले आहे यापेक्षा व्यवहाराचे सार काय आहे, हे पाहावे. फिक्हचे विद्यार्थी मदरशात पहिल्या काही वर्षांतच असा एक नियम शिकतात की, करारांमध्ये शब्दांना आणि साच्याला नव्हे, तर हेतूला आणि अर्थाला महत्त्व आहे. तथापि राहत्या घराच्या लायसन्सबाबत महाराष्ट्राचा कायदा लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा मानतो. म्हणजे ‘मला वाटले होते की’ हे वाक्य तेथे उपयोगी पडत नाही. जे समजून घ्यायचे, ते सहीपूर्वीच.

जो समजून सही करतो, त्याच्यावर मग शब्द पाळण्याचे बंधन येते. सूरह अल्-माइदाची सुरुवातच करार पूर्ण करण्याच्या आदेशाने झाली आहे. मुदत संपल्यानंतर ‘बघू काय करतो मालक’ असे म्हणून घर अडवून बसणे ही हुशारी नव्हे, तो गसब आहे, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेवर बळजोरीचा कब्जा. दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड पडेल, हा आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. भाडेकरू गरीब आणि मालक श्रीमंत असला, तरी या इशाऱ्यात सूट नाही.

अनामत

मराठीतील ‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला आहे. इजारा, करार, मुदत, जामीन, मालक हे शब्दही त्याच वाटेने आपल्या बोलीत उतरले. म्हणजे घरभाड्याच्या व्यवहाराची निम्मी भाषा आपल्याला परकी नाही. तिचा मूळ अर्थ तेवढा आपण विसरलो.

अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू. ती जशीच्या तशी जपायची असते, वापरायची नसते. घरमालक मात्र अनामत रक्कम जपून ठेवत नाही; ती तो बांधकामाला, धंद्याला किंवा मुलीच्या लग्नाला वापरतो. भाडेकरूच्या संमतीने वापरली की ती शरीअतच्या दृष्टीने अमानत उरत नाही, मालकावरचे कर्ज होते. मग त्याचे घर जळो, धंदा बुडो, ती पूर्ण रक्कम परत करणे त्याच्यावर बंधनकारक राहते.

येथे मालक असलेल्या बंधूंना थोडे स्पष्ट सांगणे भाग आहे. घर सोडताना ‘रंगकाम’, ‘साफसफाई’, ‘किरकोळ दुरुस्ती’ अशा नावांनी अनामतीतून हजारो रुपये कापून घेतले जातात. भाडेकरूने केलेल्या प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई घेणे रास्त आहे. परंतु राहत्या घराची भिंत चार वर्षांत मळणारच. त्या मळण्याची किंमत भाड्यातूनच मिळालेली असते. तीच किंमत पुन्हा अनामतीतून घेणे म्हणजे एका वस्तूचे दोनदा पैसे घेणे होय. मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, तरी हिजरतच्या रात्री त्याच लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. शत्रूची ठेवही ज्यांनी बुडू दिली नाही, त्यांचे आपण अनुयायी म्हणवतो.

अनामत किती असावी? केंद्र सरकारने 2021 साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात राहत्या घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो मसुदा बंधनकारक होत नाही. पण अनामत ही नुकसानीची हमी आहे, भांडवल उभारण्याचे साधन नव्हे, ही त्यामागची जाण विचार करण्यासारखी आहे.

‘पैशाला व्याज नाही, घराला भाडे नाही’

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्याविषयी मशिदीत सर्वाधिक विचारणा होते. आपल्याकडची मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे जातात. तेथे त्यांना ‘हेवी डिपॉझिट’वर खोली मिळते. भाडेकरूने मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दोन-तीन वर्षे भाडे न देता राहायचे आणि निघताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. लहान गावांत हाच व्यवहार घर ‘गहाण’ देण्याच्या नावाने चालतो. त्याचे वर्णन एका वाक्यात केले जाते: पैशाला व्याज नाही आणि घराला भाडे नाही. हे ऐकून अनेक धर्मपरायण कुटुंबे निश्चिंत होतात. बँकेच्या व्याजापासून वाचलो, असे त्यांना मनापासून वाटते.

आपण हिशेब मांडू या. समजा, एका घराचे चालू भाडे महिन्याला 6,000 रुपये आहे. भाडेकरूने मालकाला 5,00,000 रुपये दिले आणि तो तीन वर्षे विनाभाडे राहिला. वर्षाला 72,000 याप्रमाणे तीन वर्षांत त्याचे 2,16,000 रुपये वाचले, आणि पाच लाखही पूर्ण परत मिळाले. पाच लाख हे कर्ज. त्या कर्जापोटी मिळालेला लाभ दरसाल 14.4 टक्के. व्याज रोख मिळण्याऐवजी छपराच्या रूपाने मिळाले, एवढाच फरक. कर्जाच्या अटीवर मिळणारा लाभ म्हणजे व्याजच, हे फिक्हमधील सर्वमान्य तत्त्व आहे.

सरकारी कारकुनालाही हे समजते, हे पाहून आश्चर्य वाटते. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराचे मुद्रांक शुल्क ठरवताना परत करावयाच्या अनामत रकमेवर दरसाल दहा टक्के व्याज धरले जाते, ते भाड्यात मिळवले जाते आणि त्या एकूण रकमेवर 0.25 टक्के शुल्क आकारले जाते. म्हणजे ज्या रकमेला आपण ‘बिनव्याजी’ म्हणून मनाची समजूत घालतो, तिच्यातले व्याज शासनाचे कोष्टक उघडपणे मोजते.

सहाबांची याबाबतची जागरूकता पाहा. हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांनी व्याजाचा सुळसुळाट असलेल्या प्रदेशात राहणाऱ्या एका माणसाला बजावले होते की, तुझा देणेकरी भुशाचा भारा भेट म्हणून देऊ लागला तरी घेऊ नकोस, ते व्याज आहे. ही रिवायत बुखारीत आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्याविषयी असे सांगितले जाते की, आपल्या देणेकऱ्याच्या भिंतीच्या सावलीतही ते उभे राहत नसत, कर्जातून तेवढाही लाभ त्यांना नको होता. ते सावली टाळत होते, आणि आपण देणेकऱ्याच्या घरात चूल मांडून त्याला बिनव्याजी म्हणतो.

यावर काही जण तोडगा काढतात: महिन्याला शंभर-दोनशे रुपये नाममात्र भाडे लिहायचे. बहुतांश उलमांनी हेही नाकारले आहे, कारण सहा हजारांचे घर दोनशेला मिळण्याचे एकमेव कारण ते पाच लाखच असतात. दारूला दुसरे नाव देऊन ती पिणारे लोक येतील, अशी भविष्यवाणी अबू दाऊदमधील हदीसमध्ये आहे. नाव बदलून वस्तू बदलत नाही, हा तिचा धडा केवळ दारूपुरता नाही.

मग अडचणीतल्या माणसाने काय करावे? मालकाला एकरकमी पैसा हवा आहे, भाडेकरूला दरमहाची विवंचना नको आहे. या दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यांचा सरळ मार्ग आगाऊ भाड्याचा आहे. तीन वर्षांचे भाडे एकत्र ठरवावे, ते एकरकमी द्यावे, आणि दर महिन्याला त्यातून तेवढे भाडे वजा होत जावे. आगाऊ मिळते म्हणून मालकाने भाडेच थोडे कमी ठरवले, तरी हरकत नाही. कारण तेथे पैसा कर्ज म्हणून दिलेला नसून राहण्याची किंमत म्हणून दिलेला आहे. मध्येच घर सोडले, तर उरलेल्या महिन्यांची रक्कम परत. माफक अनामत वेगळी ठेवावी. या मार्गाने भाडेकरूला पाच लाख परत मिळणार नाहीत, हे खरे. पण तीन वर्षे दुसऱ्याच्या घरात राहून एक पैसाही खर्च होऊ नये, ही अपेक्षाच मुळात तपासून पाहण्यासारखी आहे. मदीनेत मस्जिद-ए-नबवीची जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ते ती विनामूल्य देण्यास तयार होते, तरीही प्रेषितांनी (स.) मूल्य देऊनच ती घेतली. मशिदीसाठीही ज्यांनी फुकटाची जागा स्वीकारली नाही, त्यांची ही सुन्नत आहे.

जे बंधू आज अशा खोलीत राहत आहेत, त्यांनी निराश होऊ नये आणि समाजाने त्यांच्याकडे बोट दाखवू नये. अनेकांनी हा व्यवहार हलाल समजूनच केला आहे. पुढचा करार करताना मालकाशी बोलून त्याचे रूप बदलावे, आणि आपल्या परिस्थितीचा नेमका हुकूम जवळच्या विश्वासू मुफ्तींना विचारून घ्यावा.

पागडी आणि वक्फची दुकाने

पागडीविषयी थोडक्यात. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, तेव्हा मालकांनी एकरकमी छुपी रक्कम घेण्यास आणि जुन्या भाडेकरूंनी ताबा विकण्यास सुरुवात केली. 1999च्या कायद्याने अशा रकमेला मान्यता दिली. 1988 साली जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने या प्रश्नाचा विचार करून जो निर्णय दिला, त्याचा आशय असा: मालकाने सुरुवातीला घेतलेली एकरकमी रक्कम भाड्याचाच भाग मानली गेली तर ती ग्राह्य आहे; मुदत शिल्लक असताना ती सोडण्याचा मोबदला भाडेकरू घेऊ शकतो; पण मुदत संपलेली असताना, मालकाच्या संमतीविना, तिऱ्हाइताकडून ताब्याचे पैसे घेणे योग्य नाही.

ही कसोटी आपण वक्फच्या दुकानांना लावून पाहावी. आजोबांच्या काळातील भाड्याने मशिदीचे दुकान धरून ठेवायचे आणि तेच दुसऱ्याला अनेक पट भाड्याने द्यायचे, असे प्रकार आपल्याला अपरिचित नाहीत. वक्फची मालमत्ता चालू दरानेच भाड्याने द्यावी, हा हनफी फिक्हचा स्पष्ट नियम आहे. मधला फरक जो खिशात घालतो, तो अनाथांच्या आणि विधवांच्या वाट्याचे खातो. मग त्याच्याजवळ कितीही जुनी पावती असो.

परवडणारे घर कोणाचे?

भाड्यातून बाहेर पडून स्वतःच्या घरकुलाचे स्वप्न पाहणाऱ्यांसमोर शब्दांचे आणखी एक दालन उघडते. ‘कार्पेट एरिया’ म्हणजे घराच्या भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. ‘सुपर बिल्टअप’ या शब्दात जिना, गच्ची, वऱ्हांडा यांचा वाटा मिळवून आकडा फुगवला जात असे. 2016च्या रेरा कायद्याने विक्री कार्पेटवरच करण्याचे बंधन घातले, आणि नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. विकत घेणाऱ्याला नेमके काय मिळणार हे स्पष्ट नसेल, तर त्याला आपण गरर म्हणतो, प्रेषितांनी (स.) अशा व्यवहारास मनाई केली आहे.

‘अनुदान’ हा शब्दही नीट पाहावा. सरकार घर बांधण्यासाठी थेट रक्कम देते, ती मदत आहे. ‘व्याज अनुदान’ म्हणजे बँकेच्या व्याजी कर्जातील व्याजाचा काही भार सरकारने उचलणे. तेथे मूळ व्यवहार व्याजाचाच असतो. एकाच योजनेच्या पत्रकात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी असतात. फॉर्म भरण्यापूर्वी आपण कोणत्या रकान्यात आहोत, हे विचारून घ्यावे.

सोलापूरजवळ कुंभारी येथे रे नगर वसले आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक अशा असंघटित कष्टकऱ्यांसाठी 30,000 घरांचा हा प्रकल्प. त्यातील 15,000 घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झाले. दिवसभर विड्या वळणाऱ्या भगिनीच्या हाती स्वतःच्या घराची चावी येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अशा योजनांत ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ याचा अर्थ वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत आणि देशात कोठेही पक्के घर नसलेले कुटुंब, असा केलेला आहे. ही केवळ शासकीय व्याख्या वाटते. पण ती एका हक्कदाराचे वर्णन आहे. उत्पन्नाचा खोटा दाखला काढून किंवा असलेले घर लपवून जो अर्ज भरतो, तो सरकारला नव्हे, रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्या भगिनीला फसवतो. सरकारी पैसा कोणाचाच नसतो, असे म्हटले जाते. खरे तर तो सर्वांचा असतो, म्हणून उद्या माफी मागायची तर कोणाकोणाची मागणार?

जाणणाऱ्याची जबाबदारी

वाचकहो, पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. न समजता केलेली सही कायद्यात सहीच असते. अल्लाहच्या दरबारात मात्र, समोरच्याला समजलेले नाही हे माहीत असून ज्याने ती घेतली, त्यालाही जाब द्यावा लागेल. ज्ञान ज्याच्याकडे अधिक, जबाबदारी त्याच्यावर अधिक. मालक, एजंट, वकील, आणि आम्ही इमामही त्यात आलो. जुम्याच्या खुत्ब्यात व्याज हराम आहे एवढे सांगून आमचे काम संपत नाही. ते कोणत्या नावाने दारात येते, हेही ओळखून द्यावे लागेल.

आपल्या घरी पुढच्या वेळी करारपत्र येईल, तेव्हा ते एकदा मोठ्याने वाचा. घरातल्या स्त्रियांना, शिकणाऱ्या मुलांना जवळ बसवा. हा भाडेपट्टा की लायसन्स? मुदत कधी संपते? अनामत किती, परत केव्हा आणि कशातून कापली जाईल? दुरुस्ती कोणाकडे? नोंदणी होणार का? जो शब्द अडेल, तेथे थांबा आणि विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आयतीने मजकूर सांगण्याचा मान देणे असलेल्या माणसालाच दिला आहे. तो मान आपण छापील कागदाला देऊन टाकू नये.

अल्लाह आपली छपरे हलाल कमाईची ठेवो, आपल्या शब्दांत आणि व्यवहारांत अंतर पडू न देवो. आमीन.